पांढरी पानं, पिवळी पानं



आज मी टेलिफोनच्या जाडजूड पुस्तकाबद्दल बोलणार आहे. डिरेक्टरीबद्दल. तुमच्यापैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांनी ती पाहिली असेल. डॉक्टरांच्या दवाखान्यात, वाण्याच्या गल्ल्यापाशी, पोस्टात. पातळ कागद आणि मुंगीएवढं अक्षर. तरुण मुलींनी पाहिलीच नसेल. मग हा विषय आत्ता कशाला? तर गेल्या वर्षभरात गटांच्या बैठकांत एक तक्रार मी सारखी ऐकते आहे. पूर्वी मोबाईलवर काही विचारलं की पटकन मिळायचं, आता नुसती दुकानंच पुढे येतात. असं का झालं ते शोधायला मी मागे मागे जात वाचत राहिले आणि त्या पुस्तकापाशी येऊन पोचले.

डिरेक्टरीत दोन रंगांची पानं असत. पांढऱ्या पानांवर ज्यांच्याकडे फोन आहे त्या सगळ्यांची नावं, आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली. कारखानदार असो की शाळामास्तर, नंबर ज्याच्या त्याच्या जागी. तिथे पुढे यायचं म्हणून कुणी पैसे भरून 'स' चा 'अ' करून घेऊ शकत नव्हतं. पिवळ्या पानांचं तसं नव्हतं. तिथे धंद्याप्रमाणे नावं असत, प्लंबर, फर्निचरवाले, मंडपवाले, आणि ज्याने जास्त पैसे भरले त्याची चौकट मोठी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पान उलटलं, पिवळं दिसलं, की माणूस समजायचा की इथून पुढे जो बोलतोय तो पैसे देऊन बोलतोय. वाचता न येणाऱ्या आजीलाही रंग तर कळायचा ना?

ही पिवळी पानं मुंबईच्या डिरेक्टरीत पहिल्यापासून नव्हती. १९८६ साली मुंबई आणि दिल्लीच्या टेलिफोनसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाली. १९८७ पर्यंत सरकारी डिरेक्टरीत पांढरी पानंच होती. त्यानंतर पुस्तक छापायचं काम बाहेरच्या ठेकेदारांना द्यायला सुरुवात झाली आणि ठेकेदाराने आपला पैसा जाहिराती घेऊन, त्या पिवळ्या पानांवर छापून, काढावा असं ठरलं. आपल्याकडे, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला, महानगर टेलिफोन निगम नव्हती. आपण टेलिफोन खात्याखाली होतो आणि २००० सालानंतर भारत संचार निगमखाली. पण धंदेवाल्यांची सगळी ये-जा मुंबईची, त्यामुळे मुंबईचं पुस्तक इथेही दिसायचं.

पुढे टाटा प्रेस या कंपनीने स्वतःचंच एक पिवळ्या पानांचं पुस्तक काढलं. त्यात फक्त व्यापारी, कारागीर, व्यावसायिक यांच्या पैसे देऊन केलेल्या जाहिराती. निगम आणि केंद्र सरकार मुंबईच्या दिवाणी न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, टेलिफोनधारकांची यादी छापायचा हक्क आमचा एकट्याचा आहे. दिवाणी न्यायालयाने दावा फेटाळला. उच्च न्यायालयाने निगमची बाजू धरली. मग प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी निकाल टाटा प्रेसच्या बाजूने लागला.

कायद्याच्या पुस्तकात हा निकाल वेगळ्या कारणाने गाजला. जाहिरात हेसुद्धा बोलण्याच्या स्वातंत्र्यात मोडतं असं न्यायालय म्हणालं. माहिती मिळवणं हा ऐकणाऱ्याचाही हक्क आहे असंही म्हणालं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. न्यायालयाने दोन चिजा वेगळ्या काढल्या. पिवळी पानं म्हणजे जाहिरातींचा संग्रह, ती टेलिफोनधारकांची यादी नव्हे, म्हणून टाटा प्रेसला ती छापता येतील. पांढऱ्या पानांसारखी यादी मात्र निगमच्या परवानगीशिवाय छापायची नाही. यादी ही यादी, जाहिरात ही जाहिरात. देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला हा फरक करावासा वाटला.

आता तारीख लक्षात ठेवा, ३ ऑगस्ट १९९५. त्याच्या तीनच दिवस आधी, ३१ जुलैला, देशातला पहिला मोबाईल कॉल कोलकात्याहून दिल्लीला लागला. आणि निकालानंतर बाराव्या दिवशी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे कागदाच्या पिवळ्या-पांढऱ्याचा न्याय झाला तोवर कागद जायची वेळ आलीच होती. इतिहासाला कधी कधी मस्करी सुचते म्हणतात ती अशी.

पण थांबा. त्या पुस्तकात आपण कुठे होतो? फोन असला तर पुस्तकात नाव. अंबरनाथ तालुक्यातल्या गावांत किती घरांत फोन होता? पुस्तकात आपल्या आयाबाया पांढऱ्यावर नव्हत्या आणि पिवळ्यावरही नव्हत्या. तरी त्यांचं अडत नव्हतं. सुईण कोण चांगली, गोधडी कोण शिवतं, घोंगडं कुठे मिळेल, हे विहिरीवर कळायचं, आठवडे बाजारात कळायचं.

उल्हासनगर वसलं तेव्हा तर शहरच्या शहर असं तोंडी चालायचं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्या छावणीच्या बरॅकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव पडलं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प नंबर आधी सांगतो. घरदार टाकून आलेल्या त्या बायकांनी पापड लाटले, लोणची घातली. पाटी नाही, जाहिरात नाही. कुणाचे पापड चांगले हे बरॅकीबरॅकीतून कळायचं, आणि एकदा कुणी पिठात लबाडी केली की तेही तसंच कळायचं. हा दुसरा भाग मोलाचा आहे. तोंडी माहितीत सांगणाऱ्याची जबाबदारी असते. मी तुम्हाला वाईट शिंपी सुचवला तर उद्या तुम्ही मला नळावर गाठणार.

त्याच उल्हासनगरात पुढे जीन्सचा धंदा वाढला. इथल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असायचं आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. हसायला ठीक आहे. पण त्या जीन्सचे धागे घरी बसून कापणाऱ्या, बटणं लावणाऱ्या बायकांना नगावर पैसे मिळतात आणि मालावर नाव दुसऱ्याचं जातं. आज मोबाईलवर जीन्स शोधा, मोठमोठ्या नावांची रांग लागेल. जिच्या हातून ती गेली तिचा पत्ता कुठल्याच पानावर नाही.

आता गूगलकडे येऊ. १९९८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी गूगल कंपनी काढली. त्याआधीही इंटरनेटवर शोधायची साधनं होती. पण ती पानावर शब्द किती वेळा आलाय तेवढंच बघत. पापड शोधला तर ज्याने शंभरदा पापड लिहिलं तो वर. या दोघांची युक्ती आपल्या विहिरीवरच्या रीतीची होती. ज्या पानाकडे इतर पुष्कळ पानं बोट दाखवतात ते पान चांगलं असणार. त्यातही बोट दाखवणारा स्वतः मानाचा असेल तर त्याचं वजन जास्त. आपल्या गटात कर्जाला जामीन बघतो ना, तसंच. चार भरवशाच्या बायकांनी जिची हमी घेतली ती खरी.

आणि ते चाललं. सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी वापरलं ते सांगतात, कोऱ्या पांढऱ्या पानावर एक चौकट, काही विचारा, पहिल्या दोन-तीन उत्तरांत हवं ते सापडायचं.

त्याच वर्षी या दोघांनी आपल्या यंत्राबद्दल एक शोधनिबंध लिहिला होता. त्याच्या शेवटी जाहिरातींविषयी एक पुरवणी आहे. त्यात त्यांनी म्हटलंय की जे शोधयंत्र जाहिरातीच्या पैशावर चालेल ते आपोआप जाहिरातदाराकडे झुकेल आणि वापरणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. उदाहरणही छान दिलंय. त्यांच्या यंत्रावर मोबाईल फोन शोधलं तर सगळ्यात वर एक अभ्यास यायचा, गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष कसं उडतं त्याचा. त्यांनी लिहिलं, फोन कंपन्यांच्या जाहिराती घेणाऱ्याला हे पान पहिलं ठेवणं जड जाईल. सून घरात यायच्या आधीच कुणीतरी भांडणाचं कारण लिहून ठेवावं तसं हे झालं.

कारण ऑक्टोबर २००० मध्ये त्यांनीच जाहिराती घ्यायला सुरुवात केली. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. वापरणाऱ्याकडून पैसा न घेता एवढा पसारा चालवायचा तर पैसा कुठून तरी यायलाच हवा, आणि सुरुवातीला जाहिरात वेगळी दिसत होती. वरच्या जाहिरातींमागे रंगाचा पट्टा असायचा, आधी निळसर, मग पिवळसर. ऐकताय ना? पिवळं पान तिथेही होतं. २०१३ साली तो पट्टा काढला आणि जाहिरात या शब्दाची एक छोटी पिवळी चिठ्ठी तेवढी ठेवली. २०१६ ला ती चिठ्ठी हिरवी झाली, शेजारी संकेतस्थळाचा पत्ता ज्या हिरव्या रंगात असायचा तसलीच. २०२० ला रंग गेलाच, नुसता काळा शब्द उरला. आता तिथे प्रायोजित असं लिहिलेलं असतं. बारीक, आणि ते वाचायची सवय नसलेल्याला न दिसणारं. जाड पुस्तकातला जो फरक आजीला हात लावून कळायचा, तो काढायला पंधराएक वर्षं लागली आणि कुठल्याही एका दिवशी कुणाला काही वाटलं नाही. २०२३ साली या कंपनीच्या मिळकतीतल्या दर चार रुपयांमागे तीन रुपयांहून जास्त जाहिरातीतून आले होते.

ही झाली उघड जाहिरात. दुसरा प्रकार जास्त चिवट आहे. यंत्र कुणाच्या हमीवर चालतं हे एकदा कळल्यावर हमीच विकत मिळायला लागली. एकमेकांकडे बोट दाखवणारी पानं पैशाने बनवून घेता येतात. मग निघाली यादीची पानं. समजा तुमच्या गटाला घरघंटी घ्यायची आहे. मोबाईलवर विचारलं तर सर्वोत्तम दहा घरघंट्या असं पान येतं. फोटो, तारे, फायदे-तोटे. लिहिणाऱ्याने त्यातल्या एकीवर पायलीभर ज्वारी तरी दळली आहे का? त्या पानावरून तुम्ही घरघंटी विकत घेतलीत की त्याला दलाली मिळते, एवढं नक्की असतं. जर्मनीतल्या लाइपझिग आणि वायमार इथल्या संशोधकांनी असे सात हजारांहून जास्त शोध वर्षभर तपासले आणि २०२४ मध्ये लिहिलं की वर येणाऱ्या पानांत दलालीवर चालणारी पानं जास्त असतात आणि अशा पानांतला मजकूर हलका असतो. गूगलच नव्हे, दुसऱ्या शोधयंत्रांवरही त्यांना तेच दिसलं. म्हणून यंत्र बदललं की सुटलो असं नाही.

इकडे आपल्या भागात मात्र घरघंटी दोन वर्षं वापरलेली बाई शेजारच्या गावात असते. मोटर किती वेळात तापते, जाळी बदलायला किती खर्च येतो, कंपनीचा माणूस बोलावल्यावर येतो का, हे तिला तोंडपाठ असतं. ते कुठल्याच पानावर नाही, कारण तिने पान बनवलेलं नाही. एका गटात असंच झालं. यादीतलं पहिलं यंत्र घेतलं आणि दुरुस्तीचा माणूस थेट पुण्याचा निघाला. तीन आठवडे दळण बंद आणि कर्जाचा हप्ता चालू.

आपल्या देशात याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही असं नाही. २०१२ साली लग्न जुळवणाऱ्या मॅट्रिमोनी डॉट कॉम कंपनीने आणि जयपूरच्या कट्स या ग्राहक संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे गूगलविरुद्ध तक्रारी केल्या. मॅट्रिमोनीवाल्यांचं दुखणं असं, की ग्राहक आमचं नाव टाकून शोधतो तेव्हा आमच्या नावाच्या शब्दावर प्रतिस्पर्ध्याला जाहिरात करू दिली जाते. म्हणजे आपल्या दारावरची पाटी वाचून माणूस आला आणि दारात उभ्या असलेल्या दुसऱ्याने त्याला हाताला धरून नेला. आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. गंमत म्हणजे पाटीच्या या तक्रारीवर आयोगाला गूगलचा दोष दिसला नाही. पण विमानाची तिकिटं शोधताना गूगल स्वतःची चौकट पुढे ठेवतं, त्याने इतरांवर अन्याय होतो, असं म्हणून १३५ कोटी ८६ लाख रुपये दंड ठोठावला. गूगलने अपील केलं. सहा वर्षं लागली, आणि निकाल आला तोवर लोकांची सवय पक्की झाली होती.

आपल्या मुंबईची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. व्ही. एस. एस. मणी हे गृहस्थ पिवळ्या पानांच्या कंपनीसाठी जाहिराती मिळवायचं काम करायचे. त्यांनी १९९६ साली जस्ट डायल काढलं. फोन करा, काय हवं सांगा, ते नंबर देणार. मला हे मधलं पाऊल वाटतं, छापील पुस्तक आणि मोबाईल यांच्या मधलं. नाव नोंदवायला पैसे नाहीत, पण यादीत वर यायचं तर पैसे. इथेच पांढरं आणि पिवळं पहिल्यांदा एकमेकांत कालवलं गेलं, कारण फोनवर रंग ऐकू येत नाही. २०२१ साली तीही कंपनी रिलायन्स रिटेलच्या ताब्यात गेली.

आपण बायका या सगळ्यात उशिरा आलो. २०१५ मध्ये गूगल आणि टाटा ट्रस्ट यांनी इंटरनेट साथी नावाचा कार्यक्रम सुरू केला. सायकलवर पेटी, पेटीत टॅब्लेट आणि फोन, आणि गावातलीच एक शिकलेली बाई दुसऱ्या बायकांना इंटरनेट शिकवणार. महाराष्ट्रातही तो आला. त्याने हजारो बायकांची भीती मोडली, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. पण आपल्याला शिकवलं गेलं ते विचारायला. उत्तर कोण देतंय ते ओळखायला कुणी शिकवलं नाही. ज्यांनी पिवळा पट्टा कधी पाहिलाच नाही त्यांना तो गेल्याचं कसं कळणार?

आणि यात पैसे जातात, नुसता वेळ जात नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे बँक ऑफ इंडियाच्या तक्रारी आल्या. भामट्यांनी गूगल मॅप्सवर बँकेच्या शाखांचे फोन नंबर बदलून स्वतःचे घातले होते. नकाशावर कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं, त्या सोयीचा हा गैरफायदा. लोक बँकेला म्हणून फोन करायचे आणि समोरचा कार्डाची माहिती विचारून घ्यायचा. लोकांनी अनोळखी फोन उचलला नव्हता, स्वतःहून शोधून लावला होता, म्हणून विश्वास बसला. आमच्या भागातल्या एका गटाच्या सचिव ताईंचं असंच झालं. एका कंपनीच्या तक्रार केंद्राचा नंबर मोबाईलवर शोधला, समोरच्याने दहा रुपये भरून नोंदणी करा म्हणून लिंक पाठवली, आणि खात्यातले साडेअठरा हजार गेले. त्यातले सहा हजार गटाच्या बचतीचे होते. पुढचे दोन महिने त्या ताई बैठकीत मान खाली घालून बसायच्या. पैसे हळूहळू भरले त्यांनी. मला राग येतो तो याचा, की शरम त्यांना वाटली.

म्हणून बँकेचा नंबर पासबुकावरून घ्या किंवा कार्डाच्या मागून घ्या. गॅसचा नंबर गॅसच्या पुस्तकावरून, विजेचा बिलावरून. पैसे गेलेच तर एक तास न घालवता १९३० ला फोन लावा, मग घरच्यांना सांगा. सरकारी योजनेचं पान असेल तर पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले तेव्हा अर्जाला फी नव्हती, हे आठवतं ना? कुणी पान उघडून फी मागत असेल तर ते सरकारचं पान नव्हे.

आता मोठ्या निकालाकडे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी गूगलने शोधाच्या धंद्यात बेकायदा मक्तेदारी चालवली असा निर्णय दिला. न्यायाधीशांचं नाव अमित मेहता, जन्म आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या पाटणचा. फोन विकत घेतल्यावर त्यात आधीपासून आपलंच यंत्र असावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ सालात फोन आणि ब्राउझर कंपन्यांना सव्वीस अब्ज डॉलरच्या वर पैसे दिले होते. आजच्या हिशेबाने दोन लाख कोटी रुपयांहून जास्त. पण त्या निकालपत्रातली एक नोंद मला या आकड्यापेक्षा बोलकी वाटली. २०२० मध्ये गूगलने स्वतःच एक पाहणी केली होती, की आपल्या शोधाचा दर्जा बराच खाली आणला तर काय होईल. उत्तर आलं, मिळकत घटणार नाही.

गावात एकच रेशन दुकान असलं की तांदळात खडे का वाढतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी उपाय सांगितले. फक्त आमचंच यंत्र ठेवा असे करार करायला बंदी घातली, पण क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही. दरम्यान २०२४ पासून आपल्याकडेही शोधाच्या वर यंत्राने स्वतः लिहिलेलं उत्तर यायला लागलंय. चार ठिकाणचं वाचून एकत्र केलेलं. त्यात कुठलं वाक्य कुणाचं हे कळायला खाली जाऊन बघावं लागतं आणि खाली कोण जातंय.

आमच्या बदलापूरकडे मे संपत आला की जांभळं येतात. आदिवासी बायका पाटीत पानं घालून जांभळं स्टेशनवर आणतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय, म्हणजे नाव कागदावर आलं. पण नाव कागदावर आलं म्हणून पाटीवाल्या मावशीचा फोन कुणाला सापडतो असं नाही. जांभूळ आणि मधुमेह असं शोधून बघा, बियांच्या पावडरीच्या डब्या विकणाऱ्यांची रांग लागते. (मधुमेह असलेल्या मैत्रिणींनी अशा डबीच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही, हे जाता जाता.) झाड कुणाचं, फळ कुणी वेचलं, पहाटे चारला जंगलात कोण गेलं, ते कुठेच नाही.

तर आमच्या प्रभाग संघाने यंदा एक वही घातली आहे. दोनशे पानी, साधी, लांब वही. गावाप्रमाणे पानं. कोण काय करतं, काय विकतं, फोन नंबर, आणि खाली दोन बायकांच्या सह्या, ज्यांनी तिचा माल किंवा काम स्वतः वापरलंय. सही करणारी त्याच गटातली किंवा नात्यातली चालत नाही. घरघंटी, पिको मशीन, शेळीचा डॉक्टर, बाळंतिणीला नेणारी रिक्षा, सगळं आहे. कुणी तक्रार आणली तर दोन्ही बाजू ऐकून शेऱ्याच्या रकान्यात तारखेसह लिहायचं. खोडायचं नाही.

पहिल्याच महिन्यात वाद झाला. मसाले करणाऱ्या एका गटाने संघाला पाचशे रुपये देणगी देऊ केली, फक्त त्यांचं नाव पहिल्या पानावर घ्या म्हणाल्या. संघाला वह्या, झेरॉक्स, बसभाडं, सगळ्याला पैसा लागतो, त्यामुळे निम्म्या बायका तयार होत्या. एक आजी म्हणाल्या, मग उद्या हजारवाली आली की ही दुसऱ्या पानावर जाणार, आणि तिसरीकडे पाचशे नसले तर तिचा मसाला तिखट लागत नाही का? मी मध्ये पडले नाही. दीड तास चाललं. शेवटी ठरलं की गावाप्रमाणे लावलेल्या पानांना कुणी हात लावायचा नाही. ज्यांना जाहिरात करायची आहे त्यांच्यासाठी वहीच्या मागे वेगळ्या रंगाचा कागद जोडायचा, वर्षाला शंभर रुपये. स्टेशनरीच्या दुकानात गुलाबी आणि पिवळा असे दोनच रंग होते. बायकांनी पिवळा घेतला, तोही मी काही सांगायच्या आधी.

आत्तापर्यंत पांढऱ्या पानांवर एकशे बेचाळीस नोंदी आहेत आणि पिवळ्यावर चार, त्यात मसालेवाला गटही आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वहीची झेरॉक्स ग्रामसंघांकडे जाते. ज्यांची नोंद राहिली असेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिवांकडे नाव, गाव, काम, नंबर आणि सही देणाऱ्या दोघींची नावं बुधवारपर्यंत द्यावीत. सही देणाऱ्या दोघींनी वस्तू खरंच वापरलेली असावी, मी फोन करून विचारते.